पिकअपवर जळाऊ लाकडाची वाहतूक : धंद्याचा हिशोब नेमका कसा बसतो?

कोयनाकाठ (धागा)

नमस्कार मंडळी. कराड-पाटण पट्ट्यात जुनी पिकअप घेऊन जळाऊ लाकूड वाहण्याचा विचार चालू आहे. माल म्हणजे बांधावरची सुबाभूळ, बाभूळ आणि निलगिरी. गिऱ्हाईक म्हणजे ढाबे, बेकऱ्या, केटरिंगवाले, जमलं तर इचलकरंजीच्या साइजिंगपर्यंत (सुताला खळ देणारे कारखाने). अंतर जाऊन-येऊन साधारण ८० किलोमीटर.

कागदावर सोपं वाटतं. समजा, बांधावर ओलं लाकूड ३ रुपये किलो मिळालं आणि पोच साडेपाचला गेलं, तर किलोमागे अडीच रुपये सुटतात. पण या धंद्यातले बरेच लोक वर्ष-दोन वर्षांत गाडी विकून मोकळे होतात, म्हणजे हिशोबात कुठेतरी मोठं भोक असणार. ते कुठे आहे? गाडी कोणती, कागद कोणते, माल ओला विकावा की सुकवून, सगळ्यावर सविस्तर लिहा. ज्यांना आतली माहिती आहे त्यांनी हात आखडता घेऊ नये.

काटापावती

भोक आहे ते ओलीत. तोडल्या तोडल्या सुबाभळीत वजनाच्या ४५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. हजार किलो ओलं घेतलं तर त्यात ५५० किलो लाकूड आणि ४५० किलो पाणी. हेच सुकून ओल २० टक्क्यांवर आली की काट्यावर ६८७ किलो भरतं. तीनशे किलोच्या वर वजन हवेत गेलं, आणि त्याचे पैसे तुम्ही बांधावर मोजलेत.

म्हणजे ओलं ज्या दराने विकता, त्याच्या १.४५ पट दर सुक्याला मिळाला तर बरोबरी होते. ओलं साडेपाचला जात असेल तर सुकं किमान ८ ला गेलं पाहिजे. सात रुपये मिळाले म्हणून खूश होऊन सुकवत बसणारा नुकसानीत असतो, आणि त्याला ते वर्षअखेरीपर्यंत कळत नाही.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. ४५ टक्के ओलीचं लाकूड किलोला साधारण २,२३० किलोकॅलरी उष्णता देतं, २० टक्के ओलीचं साधारण ३,५००. कारण ओल्या लाकडातली बरीचशी आच स्वतःचंच पाणी उकळण्यात जाते. बेकरीवाल्याला एक किलो सुकं म्हणजे सुमारे १.५७ किलो ओलं. त्याच्या हिशोबाने सुक्याचा वाजवी दर ८ रुपये ६५ पैशांपर्यंत जातो. तुमची बरोबरी ८ ला आणि त्याची ८.६५ ला. या पासष्ट पैशांच्या फटीत दोघांचा फायदा आहे, आणि धंदा याच फटीत करायचा असतो. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगता आलं पाहिजे, नाहीतर तो फक्त किलोचा दर विचारतो आणि ओलं घेतो.

छोटाहत्ती

गाडीबद्दल लिहितो. टाटा एस या कामाला अपुरी. पाऊण टनाच्या आसपास तिची क्षमता, दोन ढाब्यांना गावातल्या गावात पोचवायला ठीक. ८० किलोमीटरच्या फेरीला बोलेरो पिकअपच लागते. त्यात १.३ टनापासून १.७ टनापर्यंत मॉडेलं आहेत. घेताना आरसी बुकातलं एकूण वजन बघा. गाडी आणि माल मिळून ३,००० किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही, त्याच्या वर गेलं की लागतं. काही मॉडेलं या रेषेच्या अलीकडे आहेत, काही पलीकडे.

आणि हौदा भरला म्हणजे गाडी भरली असं समजू नका. ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद हौदा दोन फूट उंच रचला तर जवळपास एक ब्रास, म्हणजे २.८ घनमीटर. रचलेल्या थरात फटी असतात, त्यामुळे खरं लाकूड साधारण ६० टक्के, १.७ घनमीटर धरा. ओलं लाकूड घनमीटरला हजार किलोच्या आसपास जातं. झाले १,७०० किलो. तीच उंची सुक्या बाभळीची असेल तर साडेतेराशे, सुक्या सुबाभळीची हजाराच्या आसपास. डोळ्याला तिन्ही गाड्या सारख्याच दिसतात. १.३ टनी गाडीत ओला माल दोन फूट रचला की ४०० किलो जादा झाले.

घाटवाट

वरच्याला जोडून. कलम १९४ प्रमाणे जादा भाराचा दंड २०,००० रुपये, आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० वेगळे. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घेण्याचा खर्च तुमचा. एकदा दंड बसला की पंधरा-वीस फेऱ्यांची कमाई गेली.

काही जण मागच्या कमानीला (पाट्यांच्या स्प्रिंगला) एक-दोन पाटे वाढवून घेतात आणि गाडी 'दोन टनी झाली' म्हणतात. पाटा वाढवल्याने गाडी बसत नाही एवढंच. ब्रेकचा ड्रम तोच, लायनर तोच, हब बेअरिंग तेच, टायर तेच. गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरताना लायनर तापून ब्रेक सुटायला लागतो तेव्हा पाटे कामाला येत नाहीत. घाटात चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका.

शिवारफेरी

ट्रॅक्टर-ट्रॉलीचा विचार का नाही? शेतात आत जाते, तीन टन सहज येतं, हौदा उलटा करता येतो.

छोटाहत्ती

@शिवारफेरी, बांधापासून डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरला तोड नाही. पण बहुतेक ट्रॅक्टर शेतीसाठी नोंदवलेले असतात आणि विमाही शेतीकामाचाच असतो. भाड्याने लाकूड वाहताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. ट्रॉलीची नोंदणी कित्येकांकडे नसतेच. म्हणून शेतातून रस्त्यापर्यंत गावातल्या ट्रॅक्टरला खेपेवर पैसे द्यायचे आणि पुढे पिकअप. पावसाळ्यानंतर वाफसा नसताना भरलेली पिकअप शेतात घातली की ती काढायलाही ट्रॅक्टरच बोलवावा लागतो!

वनवाट

आता कागद. इथेच सगळ्यात जास्त गाड्या अडकतात, म्हणून सावकाश वाचा.

दोन गोष्टी वेगळ्या आहेत : झाड तोडण्याची परवानगी आणि लाकूड हलवण्याचा पास. ग्रामीण भागात तोडीला महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ लागतो. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, ऐन, किंजळ, अंजन, बिजा, हळदू, तिवस, चंदन आणि खारफुटी आहेत. ही झाडं शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. अर्ज शेतकऱ्याच्या नावाने : सातबारा, आठ-अ, नकाशा, झाडांची संख्या, सामाईक गट असेल तर सगळ्या हिस्सेदारांची संमती. ती संमती बहुतेक ठिकाणी राहते आणि मग भावकीतला एखादा तक्रार करतो. शहर हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे, तिथे वृक्ष प्राधिकरणाकडे जायचं.

वाहतुकीचे नियम भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ४१ खाली राज्याने केलेले आहेत. पासावर प्रजाती, माप, गाडीचा नंबर, कुठून कुठे आणि मुदत असते. यातली एक गोष्ट जरी जुळली नाही तरी तो पास नसल्यासारखा. गाडी बिघडली म्हणून दुसऱ्या गाडीत माल टाकला आणि पास पहिल्या गाडीचा, हा हमखास होणारा घोळ. पास असला तरी अंधार पडल्यावर लाकूड हलवू नका. नाक्यावर रात्रीच्या लाकडाकडे संशयानेच बघतात आणि ते चूकही नाही.

सुबाभळीसारख्या काही प्रजातींना पासातून सूट आहे. यादी वेळोवेळी बदलते, तेव्हा आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयातून चालू यादी घ्या. डिसेंबर २०२३ पासून देशभर ऑनलाइन पासची व्यवस्था चालू झाली आहे. सूट असलेल्या प्रजातींसाठी त्यावरून स्वतःच ना-हरकत काढता येते. ती काढा, छापा, काचेजवळ ठेवा.

बांधावरचा

सूट आहे तर कागद कशाला? सुबाभूळ ओळखायला वनरक्षकाला कागद लागतो का? उगाच धंद्यात नवीन येणाऱ्याला घाबरवून सोडायचं.

वनवाट

@बांधावरचा, उभं झाड कुणीही ओळखतो. साल निघालेले, फोडलेले, धुळीने माखलेले तुकडे हौद्यात चार फूट आत असतील तर नाक्यावरचा माणूस खात्रीने कसं सांगणार? आणि खरी अडचण मिसळीची आहे. शेतकरी सुबाभूळ देताना बांधावरचा वाळलेला आंब्याचा फाटा किंवा ऐनाचा बुंधा 'हेही घेऊन जा' म्हणून टाकतो. दोन टनांत पन्नास किलो तो माल असला तरी अख्खी गाडी अडते. वन अधिनियमाच्या कलम ५२ खाली गाडीसकट जप्ती होते, आणि महाराष्ट्राच्या दुरुस्तीतल्या ६१-अ खाली गाडी सरकारजमा होण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. हप्ते मात्र चालूच राहतात. भरताना स्वतः उभं राहून प्रत्येक बुंधा बघायचा, याला पर्याय नाही.

बांधावरचा

मिसळीचा मुद्दा मान्य. तरी शेतकऱ्याकडून साध्या कागदावर गट नंबर, झाडाची जात, अंदाजे वजन आणि सही घेतली तर निम्मा प्रश्न सुटतो. सातबाऱ्याची प्रत सोबत असली तर अजून बरं.

हिशोबवही

कराचाही खुलासा करतो, कारण विचारणा होते. जळाऊ लाकडाला जीएसटी नाही, त्यामुळे त्यावर ई-वे बिलही लागत नाही. पण हे फक्त फोडलेल्या, तुकडे केलेल्या जळाऊ मालाला. जाडजूड सरळ ओंडके गाडीत असतील तर ते इमारती लाकूड धरलं जातं आणि त्याला कर आहे. म्हणून जाड बुंधे शेतातच दीड-दोन फुटांवर कापून, फोडून मगच गाडीत घाला. वन खात्याच्या नजरेतही तो जळाऊच ठरतो, आणि फोडलेला माल सुकतोही लवकर.

पाचर

फोडायचा विषय निघालाच आहे तर. ओली सुबाभूळ आणि निलगिरी लगेच फुटते. बाभूळ ओली असतानाच फोडा, वाळली की कुऱ्हाड उडते. गाठीचा भाग, फांदी फुटलेली जागा कुऱ्हाडीने फोडत बसू नका, लोखंडी पाचर आणि घण लावा, किंवा तो तुकडा बाजूला टाका. साइजिंगच्या बॉयलरला किंवा गुऱ्हाळाच्या चुलाणाला गाठीही चालतात.

कापायला पेट्रोलवरची चेनसॉ, १८ इंची बार पुरतो. जुन्या बाभळीच्या बुंध्याला २२ इंची. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइलचं प्रमाण कंपनीने सांगितलेलं, त्यात अंदाजपंचे नाही. ऑइल कमी पडलं की पिस्टन धरतो आणि दुरुस्तीचा खर्च अर्ध्या नव्या मशीनइतका येतो. साखळीला कानस प्रत्येक टाकी संपल्यावर. भुशाऐवजी पीठ पडायला लागलं की साखळी बोथट झाली. जमिनीला टेकलेला बुंधा कापताना साखळी मातीत गेली तर एका सेकंदात धार जाते, म्हणून खाली आडवं लाकूड घालून बुंधा उचलून घ्या.

वखारवाली

सुकवण्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. ढीग मारून ताडपत्रीने गच्च झाकला की लाकूड सुकत नाही, कुजतं. खाली दगड किंवा आडवी लाकडं घालून जमिनीपासून वीतभर उचलायचं. थर उभा-आडवा लावायचा म्हणजे वारा आरपार जातो. कापलेली टोकं वाऱ्याच्या दिशेला, कारण ओल सालीतून कमी आणि टोकातून जास्त जाते. झाकायचं फक्त वरून, बाजू मोकळ्या. चार इंची फोडलेली सुबाभूळ मार्च-एप्रिलच्या उन्हात दीड-दोन महिन्यांत विकण्याजोगी होते. न फोडलेली गोल बाभूळ तीन-चार महिने घेते. म्हणून तोड दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीत संपवायची आणि मे महिन्यात सुका माल हातात हवा. त्याच वेळी पावसाळ्याची बेगमी करणारं गिऱ्हाईक येतं आणि जून-जुलैत भाव चढतो.

सुकं ओळखायची खूण : टोकाला चिरा पडलेल्या, साल नखाने सुटते, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणकन वाजतात. ओलं असेल तर आवाज बद्द येतो. सुईचं ओलमापक वापरत असाल तर बाहेरच्या पृष्ठभागावर टोचू नका, तुकडा ताजा फोडून आतल्या बाजूला टोचा. आणि हे ध्यानात ठेवा : मापक सुक्या लाकडाच्या प्रमाणात ओल दाखवतं. त्यावर २५ आलं म्हणजे काटापावती यांच्या हिशोबातले २० टक्के.

सुबाभूळ जास्त दिवस ठेवू नका. भुंगा लागतो. थराखाली पिवळसर पीठ दिसलं की तो थर आधी विका.

रत्नांग्रीकर

वखारवाली ताई, तुमचं कोरड्या हवेचं गणित आमच्याकडे चालत नाही हो. कोकणात मे महिन्याच्या मध्यानंतर उघड्यावर ठेवलेलं लाकूड परत ओल धरतं. आमच्याकडे अकेशिया, काजू आणि सुरू जास्त. काजूच्या सालीतला चीक हाताला आणि डोळ्याला लागतो, फोडताना पूर्ण बाह्या आणि चष्मा हवा. काजूचं लाकूड धूर फार करतं, म्हणून हॉटेलवाले घेत नाहीत, चिऱ्याच्या घरातल्या न्हाणीच्या चुलीला मात्र चालतं. पाणी तापवायला गॅस कोण जाळणार? उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, स्वयंपाक बऱ्याच घरी गॅसवर गेला, पण न्हाणीची चूल अजून पेटते. या गिऱ्हाइकाला किलोवर नको असतं, 'एक पिकअप लाकडं' हवी असतात. तिथे उंची किती, हे आधी ठरवून घ्या, नाहीतर उतरताना वाद.

नर्मदातीर

मणावर व्यवहार करताना विचारून घ्या. आपल्याकडे ४० किलोचा मण, गुजरात हद्दीला लागून असलेल्या नंदुरबारकडे २० किलोचाही धरतात. दर ऐकून आनंद होण्याआधी मण किती किलोचा ते विचारा :)

काटापावती

वजनकाट्यावर दोन शब्द. मोठ्या भुईकाट्याचा आकडा १० किंवा २० किलोच्या पायरीने बदलतो. ट्रकला तो फरक किरकोळ, पण १,३०० किलोच्या मालाला २० किलो म्हणजे दीड टक्का. शक्यतो लहान पायरीचा काटा शोधा, आणि त्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे का बघा. भरलेलं आणि रिकामं, दोन्ही वजनं त्याच काट्यावर आणि त्याच दिवशी. जुन्या पावतीवरचं रिकामं वजन धरू नका. डिझेलची टाकी, स्टेपनी, ताडपत्री, हौद्यात साठलेला भुसा मिळून पन्नास-साठ किलोचा फरक सहज पडतो. ड्रायव्हर आत की बाहेर, हे दोन्ही वेळा सारखं असू द्या.

खुंटा

भरण्याची रीत. सगळ्यात खाली, केबिनच्या भिंतीला टेकून, लांब आणि जाड तुकडे गाडीच्या लांबीत. त्यावर मधले. मागे फाळक्याजवळ आखूड तुकडे आडवे, म्हणजे चढावर माल मागे सरकत नाही. जड माल मागच्या चाकाच्या पुढे राहिला पाहिजे. मागे गेला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. कडेच्या फळ्यांच्या वर रचायचं असेल तर चारी कोपऱ्यांत खुंटे हवेत, आणि वरच्या थरावरून दोन आडवे, एक उभा असे पट्टे आवळायचे. सुती दोर पावसात आवळतो आणि उन्हात ढिला पडतो, रॅचेटचा पट्टा बरा. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे परत आवळा, माल बसतो तेव्हा हमखास सैल होतात. हौद्याबाहेर एकही फाटा नको. बाहेर आलेल्या मालाचा दंडसुद्धा २०,००० च आहे आणि मागच्या दुचाकीवाल्याचा जीव जाऊ शकतो.

लाकडांवर हमाल बसवून नेऊ नका. केबिनमध्ये आरसी बुकात आहेत तेवढीच माणसं, आणि हमालांचा विमा हप्त्यात वेगळा जोडून घ्या.

जुना थर उचलताना हात आधी घालू नका. काठीने हलवा. विंचू आणि फुरसं दोन्ही तिथेच असतात.

हिरवाई

हे सगळं वाचून वाईट वाटतं. इतकी काळजी कापण्याची, झाडं परत येण्याचं काय?

पाचर

@हिरवाई, प्रश्न योग्य आहे आणि धंद्याच्या दृष्टीनेही तोच महत्त्वाचा. सुबाभूळ आणि निलगिरी बुडखा ठेवून कापली तर परत फुटते. जमिनीपासून वीत-दीड वीत ठेवून, तिरका काप, साल न फाटता, म्हणजे पाणी साचून बुडखा कुजत नाही. फुटव्यांतले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढले तर तीन-चार वर्षांत परत जळाऊ मिळतं. आणि वेडी बाभूळ तर माळरानं आणि ओढ्याचे काठ गिळत चालली आहे, ती जितकी निघेल तितकी बरी. पाच-सहा गावांतले शेतकरी धरून बांध वाटून घेतले की दरवर्षी नवीन माल शोधत फिरावं लागत नाही. जो माणूस बुडखे उपटून नेतो त्याला दुसऱ्या वर्षी त्या गावात माल नाही.

भट्टीवाला

गिऱ्हाइकांचं सांगतो. बेकरीला सुकं, जड, तीन-चार इंच जाडीचं, एकसारख्या लांबीचं लागतं. बाभूळ पहिली पसंती. ओलं दिलं तर भट्टीची उष्णता पडते, पावाचा तळ पांढरा राहतो आणि दुसऱ्या दिवशी माल परत. पैसे आठवड्याला मिळतात. ढाबा आणि केटरिंग : बारीक फोडलेलं, लवकर पेटणारं. लग्नसराईत मागणी एकदम, बाकी वेळ शांत, आणि केटरिंगवाल्यांची उधारी लांबते. साइजिंगला जाडी-लांबीची फिकीर नाही, पण ते मोठ्या वजनात, पडेल भावात घेतात आणि त्यांना ब्रिकेटचा (भुसा दाबून केलेल्या कांड्यांचा) पर्याय आहे. पिकअपवाल्याला तिथे १० टनी ट्रकशी स्पर्धा करावी लागते. माझं मत, साइजिंगच्या नादी लागू नका. स्मशानभूमीला एका दहनाला साधारण ३०० ते ४०० किलो, पाच-सहा फुटी लांब माल. ठेका निविदेने जातो, पैसे उशिरा येतात, पण पावसाळ्यात सुका माल देऊ शकणाऱ्याला मान आहे.

मुंबई-ठाण्याच्या बेकऱ्यांच्या भरवशावर कुणी राहू नये. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. आज ना उद्या पुण्या-कोल्हापुरातही तीच दिशा असेल, असं मला वाटतं.

कोयनाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार, इतकं नेमकं कुठेच मिळालं नसतं. तरी मूळ प्रश्न राहतोच : एका फेरीला शेवटी हातात किती? ओल्यावर आणि सुक्यावर, दोन्ही मांडून दाखवाल का कुणी?

हिशोबवही

मांडतो. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावचे घालून परत करा. गाडी १.३ टनी, फेरी ८० किलोमीटर, गाडी लिटरला ११ किलोमीटर, डिझेल ९२ रुपये : ६७० रुपये. तोड, काप आणि फोड ओल्या टनाला ७००. भराई-उतराई टनाला ३५०, म्हणजे फेरीला ४५५.

ओलं विकलं तर : खरेदी १,३०० किलो × ३ = ३,९००. तोड ९१०, भराई ४५५, डिझेल ६७०. एकूण ५,९३५. विक्री साडेपाचने ७,१५०. राहिले १,२१५.

शेतावर सुकवून मग उचललं तर : १,३०० किलो सुक्यासाठी १,८९० किलो ओलं लागतं. खरेदी ५,६७०, तोड १,३२३, भराई ४५५, डिझेल ६७०. एकूण ८,११८. विक्री ८ ने १०,४००. राहिले २,२८२.

आता बिनफेरीचा खर्च. हप्ता समजा १४,०००, विमा-कर-पासिंग मिळून महिन्याला ३,५००. महिन्याला २० फेऱ्या धरल्या तर फेरीवर ८७५. टायर-सर्व्हिसिंग किलोमीटरला दोन रुपये, १६०. झाले १,०३५. म्हणजे ओल्याच्या फेरीत ड्रायव्हरचा पगार निघायच्या आधी १८० रुपये, आणि सुक्याच्या फेरीत १,२४७. लोक गाडी का विकतात, याचं उत्तर त्या १८० रुपयांत आहे. ओलं विकणारा पाणी वाहतो, आणि पाण्यालाही तेवढंच डिझेल लागतं.

बांधावरचा

हिशोब बरोबर, पण सुकवायला पैसा दोन महिने अडकतो हे धरा. महिन्याला २० सुक्या फेऱ्या म्हणजे फेरीमागे खरेदी आणि तोड मिळून सात हजार, दोन महिन्यांचे पावणेतीन लाखांच्या वर शेतात पडून. वणवा, चोरी, अवकाळी पाऊस वेगळाच. नवीन माणसाने निम्मं ओलं, निम्मं सुकं असं सुरू करावं. आणि परतीचं भाडं बघावं : पशुखाद्य, खत, विटा, काहीही. रिकामी गाडी परत आणण्यापेक्षा पाचशे-सहाशे मिळाले तरी ओल्याच्या फेरीलाही जीव येतो.

वखारवाली

शेतकऱ्याला अर्धे पैसे तोडीला आणि अर्धे उचलताना, असं ठरवलं तर अडकलेला पैसा कमी होतो. त्याच्या बांधावर थर राहतो म्हणून त्याला टनामागे थोडं जास्त द्या, राखणही तोच करतो.

कोयनाकाठ (धागाकर्ता)

आता चित्र स्पष्ट झालं. निम्मं-निम्मं हेच ठरवतो. शेवटचं : जुनी पिकअप बघताना लाकूड वाहिलेली गाडी कशी ओळखायची, आणि काय तपासायचं?

छोटाहत्ती

हौद्याखाली वाकून बघा. ओलं लाकूड वाहिलेल्या गाडीचा पत्रा सालीच्या रसाने आतून खाल्लेला असतो, वरून रंग मारलेला असला तरी आडव्या पट्ट्यांच्या जोडावर स्क्रूड्रायव्हर टोचला की पापुद्रा निघतो. चासीवर मागच्या कमानीच्या ब्रॅकेटजवळ वेल्डिंग केलेलं दिसलं तर गाडी सोडून द्या. कमानीचे पाटे मोजा, कंपनीपेक्षा जास्त असतील तर ती जादा भारातच चालली आहे. रिकाम्या गाडीत तिसऱ्या गिअरवर चढ घेऊन एकदम पाय सोडा, मागून घरघर आली तर क्राउन-पिनियन (मागच्या धुऱ्यातली दातेरी चाकं) गेलंय. मागचे ड्रम उघडून लायनर बघायला मालकाने नकार दिला तर तेही उत्तरच समजा.

कागदांत पासिंगची तारीख, कर कुठपर्यंत भरलाय, थकलेली ई-चलनं, आणि कर्ज असेल तर बँकेचं पत्र व फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. हौदा वाढवलेला असेल तर तो बदल आरसीत चढवलेला आहे का, हे नक्की बघा, नसेल तर पासिंगला तो कापून घ्यावा लागेल. लायसन्स साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) चालतं, साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाड्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते स्पष्ट केलं आहे.

गाडी पसंत पडली की पैसे देण्याआधी रिकामी काट्यावर घाला. आरसीतल्या रिकाम्या वजनापेक्षा जेवढी जास्त भरेल तेवढा माल तुम्हाला प्रत्येक फेरीत कमी घालावा लागणार आहे.